डाळींच्या पोत्यांशेजारची मॅगी स्मिथ

‘डाउन्टन ॲबी’ या मालिकेत जेवणाच्या टेबलाशी शनिवार-रविवारचा विषय निघतो आणि म्हातारी व्हायलेट क्रॉली वीकएंड म्हणजे काय असतं, असं अगदी मनापासून विचारते. जन्मात कधी कामच केलेलं नाही, तर सुट्टी कुठून ठाऊक असणार! काही सेकंदांचा हा तुकडा व्हायलेट साकारणाऱ्या मॅगी स्मिथ गेल्यावरही मोबाइलवरून मोबाइलवर फिरतोच आहे. त्याच्या जोडीला हॅरी पॉटरच्या शाळेतली टोकदार टोपीवाली प्राध्यापिका मॅकगोनागल. जगातल्या बहुतेकांची मॅगी स्मिथशी ओळख या दोन म्हाताऱ्यांपाशी सुरू होते आणि तिथंच संपते. दोन्ही भूमिका बाईंकडे पासष्टीला टेकल्यावर आल्या. त्याआधीची चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्या काय करत होत्या, हे कुणी विचारत नाही.

खुद्द बाईंनाही हे खटकत होतं. 2019 मध्ये एका मुलाखतीत त्यांनी स्पष्टच सांगितलं, की पॉटर आणि डाउन्टनमधल्या कामाबद्दल त्या कृतज्ञ आहेत, पण त्यात समाधान नव्हतं; आपण अभिनय करतोय असं वाटतच नव्हतं. डाउन्टननं त्यांना तीन एमी पारितोषिकं दिली, रस्त्यावर ओळख दिली, आणि बाईंनी मात्र ती मालिका बघण्याची तसदीही बराच काळ घेतली नव्हती. चाहत्यांना हे उर्मट वाटलं. प्रस्तुत लेखकाला ते रास्त वाटतं. व्हायलेटच्या तोंडी ज्युलियन फेलोजनं टाळीची वाक्यं लिहिली आणि बाईंनी ती बिनचूक टोलवली, एवढाच तो मामला. त्यांचं खरं काम पाहायचं तर नाटककार ॲलन बेनेट या लीड्सच्या खाटकाच्या मुलाकडे जायला हवं. पण तिथं पोचायच्या आधी थोडी वाट चालणं भाग आहे.

जन्मपत्रिका एका दमात सांगून टाकू. 28 डिसेंबर 1934, इलफर्ड, एसेक्स. वडील पॅथॉलॉजिस्ट, आई ग्लासगोची, दोन जुळे थोरले भाऊ. बालपण ऑक्सफर्डला, 1952 पासून तिथंच रंगभूमीवर. 1956 मध्ये ब्रॉडवेवर रेव्ह्यू, मग लॉरेन्स ऑलिव्हिएच्या नॅशनल थिएटरमध्ये दाखल. ऑलिव्हिएच्या ‘ऑथेल्लो’त डेस्डेमोना आणि 1965 साली त्याच्या चित्रपटरूपासाठी ऑस्करचं पहिलं नामांकन. पहिला नवरा रॉबर्ट स्टीव्हन्स हा नट, दुसरा बेव्हर्ली क्रॉस हा लेखक. एकूण सहा नामांकनं, दोन ऑस्कर. 1990 मध्ये ‘डेम’ किताब. हे सगळं कुठल्याही कोशात मिळतं.

कोशात मिळत नाही ते बाईंचं मनगट. तरुणपणी लंडनच्या रेव्ह्यूमध्ये केनेथ विल्यम्स या अफलातून विनोदी नटाबरोबर त्यांनी काम केलं. नाकातून काढलेला सूर, मध्येच लांबवलेला स्वर, कोपर अंगाला चिकटवून मनगटातून उडवलेला हात, यातलं बरंचसं त्या सोबतीतून आलं असं मानतात. 1963 च्या ‘द व्ही.आय.पी.ज’मध्ये एलिझाबेथ टेलर आणि रिचर्ड बर्टन ही त्या काळची सर्वांत गाजलेली जोडी होती. बाईंकडे मिस मीड या सेक्रेटरीची भूमिका, बर्टनसमोर एक महत्त्वाचा प्रसंग. तिनं प्रसंग चोरला नाही, सरळ दरोडा घातला, असं बर्टन नंतर म्हणाल्याचं सांगतात. आज तो चित्रपट पाहताना टेलरबाईंचे दागिने विसरायला होतात आणि मिस मीडचा अवघडलेला चेहरा तेवढा लक्षात राहतो.

‘द प्राइम ऑफ मिस जीन ब्रॉडी’ हा 1969 चा चित्रपट म्युरिअल स्पार्कच्या कादंबरीवरचा. तीसच्या दशकातल्या एडिंबरोमधली शाळामास्तरीण, मुलींवर जीव टाकणारी, त्यांना कला शिकवणारी आणि त्याच दमात मुसोलिनीचे गोडवे गाणारी. हे पात्र साकारताना बहुतेक नट्या एक तर तिला मोहक करतील किंवा भयंकर. बाईंनी दोन्ही एकाच वाक्यात बसवलं. वर्गात ती मान वर करून चालते तेव्हा मुलींइतकेच आपणही तिच्यामागे चालू लागतो आणि आपण कुणामागे चाललोय हे फार उशिरा कळतं. शेवटी सँडी ही तिची लाडकी विद्यार्थिनीच तिच्यावर उलटते. त्या प्रसंगात सूर, मनगट, तोरा सगळं एकेक करून गळून पडतं. या भूमिकेला ऑस्कर मिळालं. समारंभाला बाई हजरच नव्हत्या, ॲलिस घोस्टली या अभिनेत्रीनं त्यांच्या वतीनं बाहुली घेतली. दुसरं ऑस्कर ‘कॅलिफोर्निया स्वीट’साठी, आणि त्यात त्यांनी रंगवलेली नटी ऑस्कर हरून हॉटेलवर परतते! नील सायमननं लिहिलेल्या या विनोदावर अकादमीनंच कडी केली.

मर्चंट-आयव्हरी या चित्रपटकर्त्या जोडीबद्दल मुंबईकरांना आपुलकी असायलाच हवी, कारण इस्माईल मर्चंट मुंबईचा आणि झेवियर्स कॉलेजचा. त्यांच्या ‘अ रूम विथ अ व्ह्यू’मध्ये (1985) बाई शार्लट बार्टलेट झाल्या आहेत: तरुण लूसीबरोबर फ्लॉरेन्सला गेलेली, राखण करणारी, बिनलग्नाची नातेवाईक. ‘माझं काय मेलं, मी बसते कुठंही’ असं म्हणत घरातल्या सगळ्यांना अपराधी करून सोडणारी एखादी मावशी आपल्याकडेही घरोघरी असते; शार्लट त्याच गोत्राची. सहलीला गेल्यावर ती आणि ज्युडी डेंचची लेखिकाबाई गवतावर अंथरूण टाकून कुजबुजत बसतात आणि इकडे लूसी निसटते, तो प्रसंग दोघींच्या मैत्रीमुळेही पाहावा. पटकथा रूथ प्रवर झाबवालांची. चित्रपट लूसीच्या प्रेमाचा असला तरी शेवट पाहताना डोळ्यांसमोर राहते ती एकटी पडलेली शार्लट.

आता बेनेट.

ॲलन बेनेटचाही जन्म 1934 चा. वडील लीड्सला मांसविक्रीच्या दुकानात. म्हणूनच बहुधा त्यानं लिहिलेला 1984 चा ‘अ प्रायव्हेट फंक्शन’ हा चित्रपट मटणाच्या टंचाईवर आहे. युद्ध संपून दोन वर्षं झालेली, रेशन सुरूच, आणि राजकन्या एलिझाबेथचं लग्न तोंडावर. यॉर्कशरमधल्या एका गावातली प्रतिष्ठित मंडळी मेजवानीसाठी चोरून एक डुक्कर पोसतात. मायकल पॅलिनचा गिल्बर्ट हा पायाच्या कुरुपांवर इलाज करणारा गरीब गृहस्थ. त्याची बायको जॉइस म्हणजे मॅगीबाई. तिला मटण नको, मान हवा आहे. गावातल्या वरच्या थरात शिरायला डुक्कर हेच तिकीट आहे हे तिच्या लक्षात येतं आणि मग लेडी मॅकबेथ स्वयंपाकघरात अवतरते. घरभर डुकरानं घाण केलेली असताना जॉइस ज्या पाठीनं ताठ उभी राहते, त्यात तिची सगळी महत्त्वाकांक्षा दिसते. या कामासाठी बाईंना बाफ्टा मिळालं आणि बेनेटला त्याची नटी मिळाली.

त्यानंतर चार वर्षांनी ‘बेड अमंग द लेंटिल्स’ आलं. 1988 मध्ये बीबीसीनं ‘टॉकिंग हेड्स’ ही सहा एकपात्रींची मालिका केली. एक माणूस, एक कॅमेरा, बाकी काही नाही. बाईंच्या वाट्याचा भाग बेनेटनं स्वतः दिग्दर्शित केला.

सूझन ही चर्चच्या पाद्र्याची बायको. नवरा जेफ्री देखणा, लोकप्रिय. त्याच्याभोवती वेदीवरची फुलं सजवणाऱ्या बायकांचं मोहोळ. सूझनचा देवावर विश्वास नाही आणि दारूवर फार आहे. गावात बोभाटा नको म्हणून ती बाटली आणायला लीड्सला जाते, तिथल्या एका वाण्याकडे. वाण्याचं नाव रमेश. पंचविशीतला, देखणा, शांत. एका रात्री दुकानामागच्या कोठीत, डाळींच्या सान्निध्यात, दोघांचं जमतं. रमेश पडद्यावर एकदाही दिसत नाही. तो दिसतो फक्त सूझनच्या बोलण्यात, आणि तरी तो त्या गोष्टीतला एकमेव पूर्ण माणूस आहे. ब्रिटिश टीव्हीवर त्या काळी भारतीय दुकानदार बहुधा विनोदापुरता यायचा. इथं विनोद सगळा गोऱ्या, सभ्य, चर्चला जाणाऱ्या मंडळींवर आहे. वेदीपाशी फुलांच्या सजावटीवरून वाद होतो आणि सूझन तिथंच आदळते. पूजेची वाइन तिनंच संपवलेली असल्यामुळे प्रार्थनेची वेळ खोकल्याच्या औषधावर निभावून न्यावी लागते. प्रेक्षक हसून लोळतो. सूझनच्या ओठाचा कोपराही हलत नाही.

इथं बाईंनी काय केलं ते नीट पाहण्यासारखं आहे. ज्या मनगटावर तीस वर्षांची कीर्ती उभी होती, ते त्यांनी बाजूला ठेवलं. लांबवलेले स्वर नाहीत, नाकातला तोरा नाही. थकलेला, सपाट, किंचित ओशाळा आवाज. वाक्य संपतं, डोळे क्षणभर दुसरीकडे जातात, परत येतात. रमेशबद्दल बोलतानाही स्वर चढत नाही; फक्त थोडा सावकाश होतो, आणि तेवढ्यावरून कळतं की या बाईला कित्येक वर्षांत कुणी हात लावलेला नाही. आदल्याच वर्षी ‘द लोनली पॅशन ऑफ ज्युडिथ हर्न’मध्ये त्यांनी डब्लिनची दारूत बुडालेली पियानोशिक्षिका केली होती आणि त्यालाही बाफ्टा मिळालं होतं. ज्युडिथ प्यायल्यावर फुटते. सूझन प्यायल्यावर आणखी बंद होते. एकाच व्यसनाच्या पाठोपाठ केलेल्या या दोन भूमिका शेजारी ठेवून पाहिल्या, की अभिनयाच्या वर्गात फी भरायचं कारण उरत नाही.

सूझनची दारू सुटते ती रमेशमुळे. माझ्याबरोबर असतानाही तुला प्यावंच लागतं का, असं तो साधेपणानं विचारतो. ती व्यसनमुक्तीच्या बैठकांना जाऊ लागते. श्रेय मात्र जेफ्री लाटतो. बायकोचं सुधारणं हा देवाचा आणि आपला विजय म्हणून तो मिरवतो, चर्चमध्ये त्याचं वजन वाढतं. खरं श्रेय एका हिंदू वाण्याचं आहे हे सांगायची सोय सूझनला नाही, आणि रमेशनंही तोवर तिथला मुक्काम हलवलेला असतो. धर्मांतराच्या नेहमीच्या गोष्टीला बेनेटनं दिलेला हा झटका मराठी वाचकाला विशेष आवडावा. 2020 मध्ये बीबीसीनं ही मालिका नव्यानं केली तेव्हा सूझन झाली लेस्ली मॅनव्हिल. उत्तम अभिनेत्री, उत्तम काम. तरी मूळ पाहिलेल्याला डाळ शिजल्यासारखी वाटत नाही.

बेनेट-पर्वाचा तिसरा अंक लंडनच्या कॅमडन टाउनमधला. 1974 ते 1989 अशी तब्बल पंधरा वर्षं एक घाणेरडी, हट्टी, भाविक म्हातारी बेनेटच्या घरासमोरच्या जागेत मोटारव्हॅनमध्ये राहिली. तिच्यावर त्यानं आधी लेख, मग नाटक, मग चित्रपट लिहिला: ‘द लेडी इन द व्हॅन’. बाईंनी ही मिस शेपर्ड 1999 मध्ये रंगभूमीवर केली आणि सोळा वर्षांनी, ऐंशीच्या उंबरठ्यावर, निकोलस हायटनरच्या दिग्दर्शनाखाली पडद्यावर. चित्रीकरण झालं ते खुद्द त्याच घरी, 23 ग्लॉस्टर क्रेसेंटला. प्रस्तुत लेखक लंडनवारीत कॅमडन टाउन स्टेशनवरून चालत तिथं गेला होता. वळणदार रस्ता, जुनी उंच घरं, शिष्ट शांतता. घर खासगी आहे, तेव्हा रस्त्यावरूनच बघायचं. बघताना मनात येतं ते एवढंच, की एवढ्याशा जागेत व्हॅन मावली कशी आणि पंधरा वर्षं मालकाचा संयम टिकला कसा!

चित्रपटात मिस शेपर्ड व्हॅनला पिवळा रंग फासते. रंगात गुठळ्या, ब्रश चुकीचा, आणि चेहऱ्यावर कलावंताची तल्लीनता. कुणी काही दिलं तर आभार मानायचे नाहीत, उलट उपकार केल्यासारखं घ्यायचं. ही म्हातारी कधी काळी पियानो शिकलेली, मग जोगीण व्हायला मठात गेलेली, तिथं संगीत बंद झालेलं. बाई हा भूतकाळ करुण करून सांगत नाहीत. पियानोचे सूर कानावर पडताच ती अस्वस्थ होते, चिडते, पळते. आपण काय ते समजून घ्यायचं.

भारताशी नातं जोडायचंच तर ‘द बेस्ट एक्झॉटिक मॅरीगोल्ड हॉटेल’ आहेच. राजस्थानात चित्रित झालेला, चांगला चाललेला. खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी आलेली, इंग्लंडहून डबाबंद खाणं आणणारी वर्णद्वेष्टी म्युरिअल बाईंनी मजेत केली, पण चित्रपट पर्यटन खात्याच्या पोस्टरांच्या फार पुढे जात नाही. त्यापेक्षा गमतीचा धागा घरातला आहे. केतन मेहताच्या ‘मंगल पांडे’मध्ये (2005) आमिर खानसमोर हिंदीत बोलणारा कॅप्टन गॉर्डन आठवतो? तो टोबी स्टीव्हन्स, बाईंचा धाकटा मुलगा.

शेवटचं मोठं काम पुन्हा एकपात्रीच निघालं. 2019 मध्ये लंडनच्या ब्रिज थिएटरात ‘अ जर्मन लाइफ’: गोबेल्सच्या कार्यालयात टायपिस्ट असलेल्या ब्रुनहिल्ड पोम्सेलचं कथन. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाई एकट्या, बसलेल्या, आणि समोर भरलेलं थिएटर. 27 सप्टेंबर 2024 रोजी त्या लंडनमध्ये गेल्या, वय 89.

डाउन्टनचे सगळे भाग संपवून आता काय पाहावं असं विचारणाऱ्यांना सांगणं एवढंच: आधी ‘बेड अमंग द लेंटिल्स’, मग ‘अ प्रायव्हेट फंक्शन’, मग ‘द लेडी इन द व्हॅन’. सबटायटल्स लावा, बेनेटचं निम्मं मर्म वाक्याच्या शेपटीत असतं. आणि सूझनचा भाग दोनदा पाहा. पहिल्यांदा हसण्यात बरंच निसटतं.