फोटोला साक्षीदार लागतो

नांदेडहून देवगिरी, तपोवन किंवा नंदीग्रामने निघा, नाहीतर लातूरहून लातूर एक्सप्रेसने. मुंबईत उतरायचं ते सीएसएमटीलाच. मराठवाड्याची मुंबई या स्टेशनापासून सुरू होते. परतीच्या गाडीसाठी पिशवी उशाशी घेऊन मेन लाइनच्या हॉलमध्ये आडवा झालेला माणूस आपल्याच मुलखातला निघाला, तर त्यात नवल नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अजमल कसाब आणि अबू इस्माईल यांनी एके-४७ रोखल्या त्या याच हॉलमध्ये, गाडीची वाट बघत बसलेल्या अशाच प्रवाशांवर. पन्नासहून अधिक माणसं तिथे जिवानिशी गेली.

त्या रात्रीचा कसाबचा एक फोटो सगळ्या देशाच्या लक्षात आहे. पाठीला सॅक, अंगात गडद टी-शर्ट, खाली कार्गो पॅन्ट, हातात बंदूक आणि सहज फेरफटका मारावा तशी चाल. तो टिपला सेबॅस्टियन डिसूझा यांनी. ते तेव्हा 'मुंबई मिरर'चे फोटो एडिटर. कचेरी स्टेशनसमोरच्या टाइम्सच्या इमारतीत. गोळीबाराचा आवाज ऐकून लोक स्टेशनाबाहेर पळत होते, तेव्हा हे गृहस्थ कॅमेरे घेऊन आत शिरले. फलाटाला लागलेल्या गाडीच्या डब्यात दडून त्यांनी हल्लेखोरांचे फोटो काढले. प्रकाश तुटपुंजा, आणि फ्लॅश मारला तर आपण कुठे आहोत हे बंदूकवाल्याला आपणच सांगितल्यासारखं. त्यामुळे बरेच फोटो धूसर आले. जे नीट आले ते दुसऱ्या दिवसापासून जगभर पोचले. 'टाइम्स ऑफ इंडिया'चे छायाचित्रकार श्रीराम वेर्णेकर यांनीही त्या रात्री या दोघांना कॅमेऱ्यात पकडलं.

इतका स्पष्ट फोटो असल्यावर खटल्यात उरलं काय, असं आपल्याला वाटतं. कोर्टाला तसं वाटत नाही. फोटो कुणी काढला, कुठून काढला, तेव्हा काढणाऱ्याला समोर काय दिसत होतं, मधल्या काळात त्यात कुणी हात घातला का, हे सगळं शपथेवर सांगणारा माणूस कोर्टाला हवा असतो. उलटतपासणी माणसाची घेता येते, कागदाची घेता येत नाही. आर्थर रोड तुरुंगात न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांच्या विशेष न्यायालयात हा खटला चालला. फिर्यादी पक्षाने सहाशेहून अधिक साक्षीदार दिले. डिसूझा आणि वेर्णेकर त्यांत होते. ६ मे २०१० रोजी कसाबला फाशी सुनावली गेली. २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, तेव्हा या दोन छायाचित्रकारांनी जिवाची पर्वा न करता मारेकऱ्यांचा माग काढल्याची नोंद निकालपत्रात आली. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आणि कॅमेऱ्याने टिपलेलं, हे दोन्ही मिळून न्यायालयाला निर्णायक वाटलं.

याच खटल्यात आणखी एक फोटो गाजला. तो होता साक्षीदाराचा. स्टेशनात पायाला गोळी लागलेली एक लहान मुलगी जून २००९ मध्ये कुबड्या घेऊन कोर्टात आली आणि तिने कसाबला ओळखलं. वर्तमानपत्रांनी तिचे फोटो छापले, कौतुक केलं. पुढे भाड्याने घर मिळताना, शाळेत, नातेवाइकांत त्या ओळखीचा काय त्रास झाला, हे तिने मोठेपणी स्वतःच जाहीरपणे सांगितलं आहे. पहिल्या फोटोने न्यायाला हात दिला. दुसऱ्याने साक्षीदाराच्या घरापर्यंत भीती नेली.

आरोपीचा फोटो छापण्यातही अडचण आहे. ओळख परेड होण्याआधी तो पेपरात आला, की बचावाचा वकील विचारतो: तुम्ही याला घटनास्थळी पाहिलंत की पेपरात? परेडचं वजन तिथेच घटतं.

डिजिटल फोटो आले तसा कायदाही बदलला. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने पुरावा कायद्यात कलम ६५-ब आलं आणि संगणकीय पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडण्याची अट आली. ती कितपत सक्तीची, हा वाद अनेक वर्षं चालला. तो मिटवणारा निकाल मराठवाड्यातल्याच एका प्रकरणातून आला, हे फारसं कुणी सांगत नाही. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांना हरवलं. उमेदवारी अर्ज वेळेत भरला गेला का, हा वाद कोर्टात गेला आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण पुढे आलं. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: मूळ उपकरणच कोर्टात आणून दिलं तर गोष्ट वेगळी, प्रत द्यायची तर प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हेच कलम ६३ म्हणून आलं आहे. आता प्रमाणपत्रावर तज्ज्ञाचीही सही लागते आणि फाइलचं हॅश मूल्य नोंदवावं लागतं. हॅश म्हणजे फाइलवरून निघणारा आकडे-अक्षरांचा संच. फोटोतला एक ठिपका बदलला तरी तो सगळा बदलतो.

साक्षीदारासाठीही तरतूद झाली आहे. महाराष्ट्राने २०१७ मध्ये साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला. ५ डिसेंबर २०१८ रोजी महेंद्र चावला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी योजना मान्य केली. तीनुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. नाव गुप्त ठेवणं, बंदोबस्त, गरज पडल्यास राहण्याची जागा बदलणं, हे तिच्याकडे मागता येतं. म्हणजे नांदेड-लातूरच्या साक्षीदाराला त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, तेव्हा हे नियम नुसत्या पत्रकारांचे राहिलेले नाहीत. मारहाण, अपघात, खून यांचं चित्रण आधी गावाच्या ग्रुपवर पडतं, पोलिसांकडे मग जातं. व्हॉट्सअॅपवरून फिरताना फोटो दाबला जातो, त्याची मूळ माहिती गळते आणि पहिला काढणारा कोण हेच सापडत नाही. काढलेलं मूळ चित्रण फोनमध्ये तसंच ठेवावं, न कापता पोलिसांना द्यावं, आणि 'हे मी काढलं' असं सांगायची तयारी ठेवावी. कोर्टाबाहेर उभ्या साक्षीदाराचा चेहरा मात्र टिपू नये, टिपलाच तर पुढे पाठवू नये. आरोपीविरुद्ध बोलायला आधीच माणसं मिळत नाहीत. जो तयार झाला, त्याला गावभर ओळखीचा करून ठेवणं म्हणजे पुढच्या साक्षीदाराला घरी बसवणं.