जोडीदाराचा व्हिसा नाकारला गेला तर



लष्कर हे नावच छावणीचे आहे. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ येथे पडला व त्यामागून मराठी कुटुंबे येथे येऊन राहिली. आज आपली मुले याहून दूर जातात. मुलगा कॅनडात किंवा इंग्लंडात नोकरीला असतो, सुटीत येऊन लग्न करतो व परत जातो. सून सासरी राहून व्हिसाची वाट पाहते आणि एके दिवशी नकाराचे पत्र येते. अशा वेळी घराने कसे वागावे, याचा आज विचार करू.

नकार कशाचा?

प्रथम पत्र नीट वाचावे. कळत नसेल तर जाणत्याकडून शब्दन् शब्द समजून घ्यावे. बहुधा कारण कागदांत असते. इंग्लंडने 2012 मध्ये जोडीदाराला बोलावणाऱ्यासाठी वर्षाला 18,600 पौंड उत्पन्नाची अट घातली आणि एप्रिल 2024 मध्ये ती 29,000 पौंडांवर नेली. मुलाचा पगार त्याहून कमी असला तर त्यात सुनेचा काय दोष? कॅनडाचे अधिकारी लग्न खरे आहे ना, याची खात्री करून घेतात. म्हणून लग्नाचा दाखला, फोटो, पैसे पाठविल्याच्या पावत्या, प्रवासाची तिकिटे व फोनची नोंद जपून ठेवावी.

थोरांनाही हे चुकले नाही

वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे आपणा शेतकऱ्यांच्या जवळचे. स्वातंत्र्यासाठी ते गदर चळवळीत पडले. 1924 मध्ये मेक्सिकोत गेले व चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले. मका व गहू यांवर त्यांनी मोठे काम केले. 1936 मध्ये त्यांनी बेल्जियमच्या जान सिंदिक यांच्याशी विवाह केला. त्यांना दोन मुली झाल्या. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी मायदेशी येण्यासाठी व्हिसा मागितला, तर तो नाकारला गेला! इंग्रज सरकारने त्यांच्यावर घातलेली बंदी कागदोपत्री तशीच राहिली होती. ज्या देशासाठी घर सोडले, त्याच देशाने पतीला दार लावले, हे त्या परक्या देशातील पत्नीला व मुलींना पाहावे लागले. पुढे तो निर्णय फिरला. खानखोजे भारतात आले, नागपुरात राहिले आणि 1967 मध्ये तेथेच वारले. पहिला नकार हा नेहमीच शेवटचा नसतो.

मुदत चुकवू नका

भारतातून केलेला जोडीदाराचा अर्ज कॅनडाने नाकारला तर बोलावणाऱ्याला साधारणपणे 30 दिवसांत अपील करता येते. इंग्लंडच्या बाबतीत अपिलाचा हक्क असेल तर परदेशातील अर्जदाराला 28 दिवस मिळतात. रडण्यात व एकमेकांना बोल लावण्यात हे दिवस घालवू नयेत. अपील करावे की कागद पुरे करून नवा अर्ज द्यावा, हे त्या देशातील परवानाधारक वकिलाला विचारावे. "बनावट दाखला लावून काम करून देतो" म्हणणाऱ्या दलालाला दारात उभे करू नये. कॅनडात खोटी माहिती उघडकीस आली तर पाच वर्षे प्रवेश बंद होतो.

जमीन व पेरणी

दुसऱ्या अर्जासाठी जमीन गहाण टाकू नका. पीककर्जाचा पैसा शेतातच घाला. मोहरीची पेरणी ऑक्टोबरात, गव्हाची नोव्हेंबरात. ती वाफ कोणत्याही कचेरीसाठी थांबत नाही. सुनेला घरात पाहुणी करून ठेवू नका. तिला शेताचा हिशेब द्या, शिवण, संगणक किंवा परिचारिकेचे शिक्षण घेऊ द्या. ते येथेही उपयोगी पडेल व तिकडेही.

प्रकृतीची काळजी

फोनची वेळ ठरवून घ्यावी. लष्करात सकाळचे आठ वाजतात तेव्हा टोरोंटोत आदल्या रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा असतात. तेव्हा बोलले तर कोणालाच जागरण पडत नाही. दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, असे झाले तर लाज न बाळगता डॉक्टरकडे जावे. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात आला तर एक दिवसही थांबू नये. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस मोफत चालतो.

शेजाऱ्यांना विनंती

"अजून नेले नाही? टाकली की काय?" हे बोलणे नकाराच्या पत्रापेक्षा खोल लागते. ते बोलू नका. त्याऐवजी तिला बाजाराला बरोबर घ्या, सणाला घरी बोलवा. पती-पत्नींनीही वर्षभराचा हिशेब मांडून ठरवावे की, अर्ज पुन्हा करायचा की मुलानेच परत यायचे. परत येणे म्हणजे हार नव्हे. घर कोठे मांडायचे हे दोघांनी मिळून ठरवावे आणि वडीलधाऱ्यांनी ते मान्य करावे.