बांध वरच्या खाचराचा

ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. तिथले एखादे जुने पुस्तक उघडून पाहा. प्रस्तावनेचे आकडे बहुधा निराळे, पृष्ठ १ मूळ मजकुरापासून. शाळेची स्मरणिका वर्डमध्ये करताना हीच रीत साधायची, तर दोहोंमध्ये ‘सेक्शन ब्रेक’ घालून पुढचे आकडे १ पासून लावायचे. इथवर सोपे आहे.

घोटाळा होतो तो ब्रेक पुसल्यावर. हा ब्रेक म्हणजे भातखाचराचा बांधच; पण बांध वरच्या खाचराचा, बरे का! वरच्या मजकुराचे समास, पान उभे की आडवे, हे सारे त्या खुणेत साठवलेले. ती गेली, की वरचा मजकूर खालच्या भागाचे नियम घेतो. आडव्या तक्त्याआधीचा ब्रेक पुसा, आधीची उभी पाने आडवी! लगेच कंट्रोल आणि झेड दाबावे. खुणा दिसतच नसतील, तर होम पट्टीतले उलट्या ‘पी’सारखे बटण दाबा.

आणि एका प्रकरणाचे नाव पानाच्या माथ्यावर बदलले, की मागच्याचेही बदलते ना? नंतरच्या भागात ‘लिंक टू प्रीव्हियस’ बंद करा, मगच नाव लिहा. पायथ्यासाठी ते निराळे बंद करावे लागते.