जांभळ्या जिवाणूंचा माग

शरीरातल्या जिवाणूंचा माग काढायचा तर त्यांना चमकवायला हवं, असा बहुतेकांचा समज असतो. हिरव्या उजेडाच्या प्रथिनांचे फोटो आपण इतके पाहिलेत की तसं वाटणारच. पण मिलिमीटरभर आत गेलं की ऊतींमध्ये प्रकाश विखुरतो आणि चित्र धूसर होतं. फोटोअकूस्टिक इमेजिंगला चमक नकोच असते, तिला हवा गडद रंग. लेसरचा क्षणमात्र झोत रंगद्रव्याने शोषला की ते किंचित तापतं, फुगतं आणि त्यातून अल्ट्रासाउंडची लहर उठते. ग्रॅहॅम बेलने १८८० मध्ये टिपलेला परिणाम तो हाच. ऊतींमध्ये ध्वनी प्रकाशापेक्षा खूपच कमी विखुरतो, म्हणून काही मिलिमीटर खोलवरचं चित्रही रेखीव मिळतं.

हा रंग सुईने टोचतात, असंही अनेकांना वाटतं. तसं नाही, रंग जिवाणू स्वतःच बनवतो. क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम हा उष्ण प्रदेशांतल्या माती-पाण्यातला जिवाणू ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून व्हायोलेसिन हे जांभळं रंगद्रव्य तयार करतो. त्यासाठी लागणारी पाच जनुकं ई. कोलायमध्ये घातली की एरवी पांढुरक्या असणाऱ्या त्याच्या वसाहती गर्द जांभळ्या होतात. बशीचं झाकण उचलावं तर पांढऱ्या कापडावर जांभूळ चुरडल्यासारखे ठिपके! माझ्या मते या कल्पनेचं खरं सौंदर्य पुढे आहे: एकच विकर रेणूमागून रेणू घडवत राहतं, त्यामुळे थोड्या जनुकांतून भरपूर रंग मिळतो. शिवाय व्हायोलेसिन लेसरखाली सहजासहजी फिकं पडत नाही. मेलॅनिनही असंच चिवट. ते बनवायला टायरोसिनेज हे एक विकर पुरतं.

मग जिथे सिग्नल तिथे जिवाणू? इतकं सोपं नाही. हिमोग्लोबिनही प्रकाश शोषतं, आणि व्हायोलेसिन जिथे सर्वाधिक शोषतं त्या ५७५ नॅनोमीटरच्या आसपास तर जोरातच. म्हणून वेगवेगळ्या तरंगलांबींवर चित्रं घेऊन रंग आणि रक्त वेगळं करावं लागतं. जिवाणू मेला तरी रंग मागे राहू शकतो, हेही विसरू नये.

सगळ्यात मोठा गैरसमज मात्र रुग्णांच्या आशेशी जोडलेला आहे: यामुळे अंगातला कुठलाही जंतुसंसर्ग दिसेल. न्यूमोनियाच्या जंतूला ही रंगाची जनुकं कुणी दिलेली नसतात, त्यामुळे तो या पद्धतीला दिसत नाही. माग निघतो तो प्रयोगशाळेत रंगवलेल्या जिवाणूंचाच. उदाहरणार्थ, उंदराच्या गाठीकडे औषध घेऊन निघालेले जिवाणू तिथवर पोहोचले का, हे उंदराला न चिरता पाहता येतं.