समजून घ्या : सॉफ्टवेअर अपग्रेड केले, एक्सेलमध्ये आपोआप येणारा डेटा बरोबर आहे का?

सावेडी (अहिल्यानगर) : विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि लहान कार्यालयांनाही संगणक, ऑफिस, हिशेबाचे सॉफ्टवेअर अपग्रेड करण्याची वेळ आली. सावेडीतील दुकान असो, करसल्लागाराचे कार्यालय असो की पतसंस्था. रोज रात्री आपोआप एक्सेल शीट तयार होण्याची सोय अशा वेळी बिघडू शकते. शीट आलीच नाही तर लगेच कळते. खरा धोका चुकीची शीट वेळेवर येण्यात आहे.

धोका किती मोठा?

इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातील १५,८४१ कोरोनाबाधित रोजच्या आकडेवारीतून सुटले. प्रयोगशाळांचा डेटा जुन्या 'एक्सएलएस' फाइलमध्ये भरला जात होता. तिच्यात ६५,५३६ ओळीच मावतात, त्यापुढच्या गळाल्या. बाधितांना अहवाल मिळाले, पण त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोध लांबला. नव्या 'एक्सएलएसएक्स' फाइलमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात.

फाइलच येत नसेल तर?

• टास्क शेड्युलरमध्ये 'लास्ट रन रिझल्ट' पाहा. विंडोजचा पासवर्ड बदलला असेल, तर टास्कमध्येही नवा द्यावा लागू शकतो.
• 'प्रोव्हायडर इज नॉट रजिस्टर्ड' असा संदेश आला, तर जुना ड्रायव्हर ३२ बिट आणि नवे ऑफिस ६४ बिट आहे का, ते तपासा. दोन्ही एकाच प्रकारचे हवेत.
• डेस्कटॉप फोल्डर वनड्राइव्हमध्ये गेले असेल, तर फाइल साठवण्याचा पत्ता बदलतो. तो नव्याने द्या.

फाइल आली, पण मजकूर चुकला?

• तारीख : विंडोजचे 'रीजन' सेटिंग अमेरिकेचे असेल, तर सीएसव्ही फाइलमधील ०५/०४/२०२६ ही ५ एप्रिलची नोंद ४ मे होते. सेटिंग भारताचे ठेवा.
• खाते क्रमांक : एक्सेल संख्येचे १५ अंकच जपते. १६ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो, सुरुवातीचे शून्यही उडते. हा रकाना आधीच 'टेक्स्ट' करा.
• मराठी नावे : सीएसव्ही उघडल्यावर अगम्य चिन्हे दिसली, तर फाइलवर डबल क्लिक करण्याऐवजी 'डेटा' मेनूतून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' निवडा आणि 'यूटीएफ-८' द्या.
• जिल्ह्याचे नाव : नव्या यादीत 'अहिल्यानगर' आणि जुन्या सूत्रात 'अहमदनगर' असेल, तर नोंदी जुळत नाहीत आणि बेरजेतून गळतात.

रोज काय तपासाल?

दोनच आकडे : एकूण ओळी आणि रकमेची बेरीज. सॉफ्टवेअरमधील आणि शीटमधील हे आकडे जुळले पाहिजेत. अपग्रेडपूर्वी एका दिवसाची शीट बाजूला ठेवा. अपग्रेडनंतर त्याच दिवसाची पुन्हा काढून ताडून पाहा. मूळ सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडून 'सेव्ह' करू नका. एकदा गेलेले अंक त्या फाइलमध्ये परत येत नाहीत.