पन्नी आली आणि उकिरडा बदलला

सुलतानपूर लोणार तालुक्यातलं. त्यामुळे इकडे कचऱ्याचा विषय निघाला की बोट सरोवराकडेच जातं. गावोगावची घाण शेवटी तिथेच उतरते आणि म्हणूनच जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं, असं बरेच जण ठामपणे सांगतात. यातलं काहीच खरं नाही. सरोवर ज्या विवरात आहे त्याचा काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच आहे, दूरच्या शिवारातलं पाणी तो चढून आत जात नाही. लोणार शहर अगदी काठाला लागून आहे, म्हणून तिथल्या सांडपाण्याचा प्रश्न खरा आहे. सरोवराच्या प्रदूषणाचा विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. रंगाचं कारण मात्र पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने शोधलं: पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव फोफावले.

मग गावचा कचरा जातो कुठे? नाल्याकाठच्या ढिगात, आणि त्याचं पाणी झिरपून गावच्याच विहिरीत. ‘खाली काळा पाषाण, काय मुरणार?’ हे म्हणणं फसवं आहे. या पाषाणाला भेगा आहेत आणि विहिरीला झरे लागतात ते त्या भेगांतूनच. नाल्याकाठच्या ढिगातून झिरपलेलं पाणीही तीच वाट धरतं. ते नितळ दिसलं म्हणून चांगलं ठरत नाही. नायट्रेटला ना रंग, ना वास.

‘उकिरडा तर बापजाद्यांपासून आहे!’ आहेच, आणि तो चांगलाच होता. त्यात शेण, काडीकचरा, चुलीची राख पडायची. मृगाआधी सगळं खत होऊन वावरात जायचं. आता त्यात पन्नी, डायपर, सलाइनच्या नळ्या आणि फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे असतात. खताच्या ट्रॉलीतून पन्नी वावरात पसरते, वखराच्या पाशीत अडकते. उरलेली गाय खाते, आणि ती तिच्या पोटात गोळा होऊन बसते.

ढिगाला काडी लावली की प्रश्न मिटला, असंही नाही. प्लास्टिक, विशेषतः पीव्हीसी, असं धुमसलं की डायॉक्सिनसारखी विषं धुरात येतात. राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्येच उघड्यावर कचरा जाळण्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला 25,000 रुपये भरपाई ठरवली.

आणि फवारणीच्या औषधाचा डबा नाल्यात खंगाळू नये. तीनदा खंगाळून ते पाणी पंपातच ओतावं. औषधही वाया जात नाही. मग डब्याला भोक पाडावं, म्हणजे त्यात कुणी रॉकेल किंवा पाणी भरून ठेवणार नाही.