क्षेत्राची खरी ठेव

सात घाट, त्या त्या घाटावर पाळीपाळीनें होणारा कृष्णाबाईचा उत्सव, आणि ढोल्या गणपतीचें देऊळ, इतकें पाहिलें म्हणजे सातारा जिल्ह्यांतील वाई क्षेत्र पाहिलें, असें यात्रेकरूंस वाटतें. परंतु तें देऊळ तरी कितीजण नीट पाहतात? गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं तें १७६२ सालीं बांधविलें. त्याची मागील भिंत माशाच्या आकाराची आहे, ती कृष्णेच्या पुराचें पाणी दुभंगून जावें म्हणून. बांधणारानें देवावर श्रद्धा ठेविली, परंतु बुद्धि गहाण टाकिली नाहीं. वाईचा खरा स्वभाव हाच होय.

याच स्वभावाचें फळ म्हणजे प्राज्ञपाठशाळा. नारायणशास्त्री मराठे, जे पुढें संन्यास घेऊन केवलानंद सरस्वती झाले, त्यांनीं ती १९१६ सालीं नांवारूपास आणिली. विनोबा भावे तेथें शिकले, आणि धर्मकोशाचें प्रचंड कार्य तेथेंच आरंभिलें गेलें. याच पाठशाळेचे विद्यार्थी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीं, गांधीजी १९३२ सालीं येरवड्याच्या तुरुंगांत असतां, अस्पृश्यतेविरुद्ध शास्त्राधार त्यांस पुरविले. व पुढील वर्षीं गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह त्यांनींच लाविला. रूढीच्या संरक्षणासाठीं शास्त्र उघडणारे पंडित गांवोगांव होते. रूढीचा न्याय करण्यासाठीं तें उघडणारे विरळा! तर्कतीर्थांच्याच नेतृत्वाखालीं पुढें मराठी विश्वकोशाचें कार्य वाईस चाललें, व त्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला. अशा रीतीनें पोथीचें गांव ज्ञानकोशाचें गांव झालें.

आतां प्रश्न असा कीं, हा वारसा राखावयाचा म्हणजे काय? घाटाचे चिरे निखळले तर गवंडी ते बसवील. परंतु विचाराची परंपरा एकदां खंडली तर ती कोणता गवंडी सांधील? नदीस माता म्हणावयाचें आणि तिच्याच पात्रांत निर्माल्य व सांडपाणी सोडावयाचें, ही आमच्या बहुतेक क्षेत्रांची रीत आहे. ही धर्मनिष्ठा नव्हे, धर्माची विटंबना होय. आमची वाईकरांस सूचना इतकीच कीं, प्रत्येक घाटाच्या उत्सवांत कीर्तनाबरोबर एक सायंकाळ शास्त्रचर्चेस द्यावी. तींत सर्व जातींच्या स्त्रीपुरुषांनीं मोकळेपणानें प्रश्न विचारावे, आणि पहिला प्रश्न कृष्णेच्या पाण्याचाच असावा. ज्या गांवानें शास्त्रालाही प्रश्न विचारले, त्यानें स्वतःस प्रश्न विचारण्यास कां कचरावें?